वासूकाकाचं तोंड

१

आमच्या गोठ्यात गाय नाही, म्हैस नाही, तरी सकाळी उठून पाणी दाखवावं लागतंच. मातीला. बाबा मूर्तिकार. मागच्या शेडमध्ये त्यांचं काही ना काही अर्धवट काम उभं असतं, आणि ते वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून ते फडकं रोज भिजवायचं काम माझ्याकडे आहे. आता मी स्वतः जोयड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, पण या खात्यात मला बढती मिळालेली नाही. चहा, मातीला पाणी, आणि मग कुंभारवाड्याच्या फाट्यावर बस गाठायला पळत सुटायचं.

त्या सकाळी बाहेर धुकं होतं आणि शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं. मी लोटा घेऊन आत गेले. स्टुलावरच्या मातीच्या तोंडावर बाबांचं जुनं धोतर होतं. कपाळ, गाल, मान, सगळीकडे ते ओलं आणि काळपट होऊन मातीला चिकटलेलं. फक्त ओठांवर एक पांढरा ठिपका होता, रुपयाएवढा. मी बोट लावलं. कोरडा होता, आणि उगाच खोटं का सांगा, जरा कोमटही होता.

आता विज्ञानाच्या बाईंना एवढ्यावर घाबरून चालत नाही. नाकाचा शेंडा आणि हनुवटी यांच्यामध्ये कापड ताणलं जातं, तिथं ते मातीला टेकत नाही, म्हणून त्याला मातीची ओल मिळत नाही आणि ते आधी वाळतं. झालं. मी कापड ओठांवर अंगठ्यानं नीट दाबून बसवलं, वर भरपूर पाणी मारलं आणि बस गाठली. दिवसभर मला त्याची आठवणही आली नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपका त्याच जागी होता. दाबून बसवलेलं कापड ओठांपासून सुटून किंचित पुढे आलं होतं.

२

ते तोंड माझ्या वासूकाकाचं. बाबांचा धाकटा भाऊ. मी त्याला कधी बघितलेलं नाही, कारण तो गेला त्यानंतर माझा जन्म झाला. गेला म्हणजे मेला, असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. गेला म्हणजे बसऱ्याला गेला.

आमचे आजोबा खानापूरकडचे, गणपती करणारे. दोघा भावांचा हात त्यांच्याकडूनच आला. तिकडे इराकमध्ये लढाई चालू होती तेव्हा मुंबईचा एक एजंट साचेकाम येणारी माणसं शोधत होता. दोघं गेले. बगदादच्या बाहेर एका कारखान्यात लढाईत पडलेल्या सैनिकांचे अर्धपुतळे बनवायचे. फोटो घेऊन आया दारात उभ्या असायच्या आणि बाबा फोटोवरून मातीत तोंड उठवायचे. पाच-सहा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. एक लढाई संपली, श्वास घेतात न घेतात तोवर दुसरी आली. त्याच धामधुमीत वासूकाका एक पुतळा बसवायला बसऱ्याला गेला. मग बॉम्ब पडायला लागले, रस्ते तुटले. बाबा महिनाभर त्याची वाट बघून शेवटी अम्मानमार्गे एका पिशवीनिशी घरी आले.

लढाईनं त्यांचा हात मात्र सोडला नाही. आल्यावर ते पुन्हा गणपती करायला लागले, पण 'गुरुदासांचा गणपती हसत नाही' असं अख्खा कुंभारवाडा चेष्टेनं म्हणतो, आणि ते खरं आहे. नंतर खानापूर-बेळगावकडच्या गावांतून फौजी पोरांच्या पुतळ्यांची कामं यायला लागली. पुन्हा फोटो, पुन्हा आया. बाबांचा एकच नियम होता. मेलेल्या माणसाचं तोंड घट्ट मिटलेलं करायचं. "उघडं ठिवलं की आईला वाटतंय ह्येला कायतरी सांगायचं ऱ्हायलंय," ते म्हणायचे. "मग ती बाई घरला जात न्हाई."

आणि आमच्या घरात होती केशरकाकी. वासूकाकाची बायको. मधे सुट्टीवर आला तेव्हा लग्न झालं, आणि त्याला वर्षही सरलं नव्हतं तेव्हा तो गेला. माझी आई लवकर वारली, मला वाढवलं काकीनंच. गेली चौतीस वर्षं ती रोज अंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून कुंकू लावते. संक्रांतीला बायका तिला वाण द्यायला बोलावतात आणि देताना एकमेकींकडे बघतात. कुणीतरी कधीतरी येऊन सांगायचं, वासूसारखा एक माणूस जॉर्डनला दिसला, बायकापोरं होती म्हणे. काकी ऐकून घ्यायची आणि चहा टाकायची.

यंदा दिवाळीनंतर तिला धाप लागायला लागली. बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, सांभाळा. परतताना जीपमध्ये ती बाबांना म्हणाली, "भावजी, एक इचारते. मी मेले की मला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून न्हेणार, का पांढऱ्यात?"

बाबांनी औषधांची पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. रामनगर आलं.

"तेवढं काय ते ठरवा," काकी म्हणाली. "मला माझ्या डोळ्यांनी बगून जायचं हाय."

३

परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही बारा वर्षं तीनदा जायला आली तरी तो विषय काढला नव्हता. आता उळवीकडून शिवानंद भट आले. अंगाला पळसाची पानं, दर्भ आणि लोकरीचा दोरा, डोक्याच्या जागी नारळ, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"नारळ?" बाबा म्हणाले.

"नारळच. शास्त्र तसंच हाय."

"मी परक्यांच्या पोरांना तोंडं दिली, भटजी. हजार दिली असतील. आन् माझ्या भावाला नारळाचं डोकं लावू?"

भटजींनी पुष्कळ सांगून पाहिलं. बाबांनी मान डोलावली आणि त्यांची पाठ वळल्याबरोबर वासूकाकाच्या वाटणीच्या शेतात जाऊन चिकणमाती खणून आणली. मळायला मला बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. फोटो अगदी नाकाशी धरून बघायचे आणि उरलेलं अंगठ्यानं चाचपून करायचे. फोटोत वासूकाका एका अर्धवट पुतळ्याला टेकून हसतोय, सगळे दात दिसतायत. बाबांनी ओठ मिटवले, बाकी जसाच्या तसा उतरवला. इतकं चांगलं काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. काकी शेडच्या दारातून बघायची आणि आत न येता परत जायची.

काम संपलं तेव्हा ते सव्वीस वर्षांच्या मुलाचं तोंड होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण माझ्यापेक्षा तो लहान दिसतो म्हणून मला हसू आलं होतं.

४

कोरड्या ठिपक्याची मला सवय झाली होती म्हणायला हरकत नाही. माणसाला कशाचीही सवय होते. पण एका सकाळी फडकं बाजूला केलं आणि मला वाटलं, ह्याचं काहीतरी बिघडलंय. गाल खाली आले होते. डोळ्यांखाली पिशव्या धरल्या होत्या.

"बाबा, माती बसतेय. पाणी जास्त होतंय माझं."

बाबांनी येऊन अंगठा फिरवला. गालावरून, डोळ्यांखालून. बराच वेळ फिरवला. मग गालाची माती वर ओढून पहिल्यासारखी केली आणि म्हणाले, "कमी मार पाणी."

मी कमी मारलं. दुसऱ्या दिवशी गाल पुन्हा खाली. बाबांनी पुन्हा वर ओढले. असं रोज चालू झालं. बाबा दिवसा त्याला तरुण करायचे आणि सकाळी तो पुन्हा उतरलेला असायचा. ओली माती स्वतःच्या वजनानं खचते, ह्यात न समजण्यासारखं काही नाही. मात्र खचलेल्या मातीला कपाळावर आडव्या आठ्या पडत नाहीत. भुवयांच्या मध्ये उभी चीर पडत नाही. त्या बाबांनीच केल्या असतील, दिसत नाही बिचाऱ्यांना, असं मी स्वतःला सांगितलं.

"मी न्हाई केलं ह्ये," बाबा त्याच दुपारी म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. ते खाली मोरीत हात धूत होते. "मला पोरगा करायचाय, मनी. ह्यो बाप्या हुयाला लागलाय."

"अंदाज चुकत असेल तुमचा."

"चुकंना," ते म्हणाले. "चुकू दे देवा."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जवळ गेले. आठ्या नीट बघाव्यात, बाबांच्या नखाची खूण सापडते का बघावं, असा माझा शुद्ध शास्त्रीय हेतू होता. फडकं पूर्ण काढलं आणि मातीच्या नाकाला माझं नाक लागेल इतकी वाकले. माझ्या चष्म्याच्या काचा धुकाळल्या. मी मागे झाले, पदरानं पुसल्या. थंडीत ओल्या मातीजवळ काच गेली की असं होणारच. पुन्हा वाकले. या वेळी मी माझा श्वास रोखून धरला होता.

काचा पुन्हा धुकाळल्या. मग थोड्या निवळल्या. मग पुन्हा धुकाळल्या.

लोटा तिथंच टाकून मी बाहेर आले. त्या दिवशी मुलांना 'बाष्पीभवन' शिकवायचं होतं, मी त्यांना उजळणी करायला सांगून खिडकीत उभी राहिले. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हतं.

५

घरी आले तेव्हा काकी पाटावर बसून पळसाची पानं पुसत होती. पळस फुलायला लागला होता, त्यामुळे हिरवी पानं शोधताना तिची दमछाक झाली होती. पानं पुसून ती एकावर एक रचत होती, पत्रावळीला रचतात तशी.

"काकी, विधी पुढं ढकलूया."

"का गं?"

काय सांगणार? फडकं कोरडं होतं म्हणून? चष्म्यावर वाफ आली म्हणून? मी म्हटलं, "बाबांचं काम नीट झालेलं नाही. कापड वाळतंय तोंडाजवळ."

"म्हाईत हाय. मी रोज बगते की," काकी म्हणाली. "तुझ्या आदी मी जाते शेडात. फडकं उचलते, बोलते जरा, परत घालते."

माझ्या जिवात जीव आला. मग कापड सुटं होणार नाही तर काय! रोज कुणी तोंडावरून कापड उचलतंय, हात लावतंय, म्हणून ते तिथं वाळतं. गालही तिच्याच हातानं खाली येत असतील. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. "अगं मग सांगायचंस ना! मी उगाच काय काय मनात आणत बसले."

काकीनं हातातलं पान खाली ठेवलं. "मी उचलते, तवा आदीच कोरडं असतंय, मनी."

मी तिच्या शेजारी बसले. बाहेर उळवीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांची घुंगरं वाजत होती. एक गाडी गेली, मागून दुसरी.

"तू शिकलेली हायस, तू म्हणशील थांब," काकी म्हणाली. "मी त्यास्नी रोज इचारते, येतायसा काय? जिवंत असला तर एवढ्या वरसांत एक कारड का न्हाई धाडलं? तिकडं दुसरं घर केलं असलं तर केलं म्हणून सांगा. मी काय बी म्हणणार न्हाई. आन् मेला असला, तर मी ह्ये कुंकू कुणाचं लावते?" तिला धाप लागली. "तोंड मिटून बसलेत. दोन्हीतलं एक काय ते हुदे. मला आता वाट बगायची न्हाई गं. मला लई कंटाळा आलाय."

"आणि खरंच जिवंत असेल तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकीनं पुढचं पान उचललं आणि पदरानं पुसलं. "सुम्मं बस," ती म्हणाली. कन्नडातला हा शब्द ती मला लहानपणी गप्प करायला वापरायची.

६

काळी नदीच्या काठावर, ऊन वर आल्यावर विधी झाला. आम्ही जीपनं गेलो. बाबांनी तोंड मांडीवर घेतलं होतं, ओल्या धोतरात गुंडाळून, रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हातांनी सावरत होते. सकाळीच त्यांनी गाल शेवटचे वर ओढले होते. जाळायचा तर पोरगाच जाळायचा, असा त्यांचा हट्ट होता.

वाळूवर पानांचं अंग निजवलेलं होतं. बाबांनी त्याच्या वरच्या बाजूला ते तोंड ठेवलं आणि फडकं काढलं. शिवानंद भट दोन पावलं मागे सरले.

"बेडा, गुरुदास. नको. काढा ते."

"ऱ्हाऊ दे, भटजी."

"अहो, तोंड नसतंय म्हणून तर तो पुतळा! नारळ कशाला सांगितला हुता मी? कुणाचं बी नसलेलं डोकं पायजे. तुम्ही तर त्यालाच आणून निजवलाय हितं."

बाबा ऐकून घेईनात. भटजींनी काकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिनं नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं थांबलं असतं. बांगड्या उतरवायला आणि कुंकू पुसायला आलेली शेजारची येसूबाई तिच्याजवळ सरकली, तेव्हा काकीनं तिचा हात बाजूला केला.

"कुणी पुसायचं न्हाई. माझं मी पुसणार."

तिनं पदराचं टोक नदीत भिजवलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, इतक्या वर्षांचं कुंकू, खाली कातडीवर लालसर वण राहिलाच होता. तिनं पुन्हा पुसलं. मग ती भटजींना म्हणाली, "करा सुरू."

बाबांनी अग्नी दिला. पानं हिरवी, आधी नुसता धूर झाला. मग तुपावर जाळ धरला आणि तोंडाभोवती लाकडं पेटली. ओली माती आगीत गेली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि फुसकारा येतो, हे मी आधीच मनाशी घोकून ठेवलं होतं. फुसकारा आला. बारीक, लांबलचक, तोंडाच्या बाजूनं. मी स्वतःला म्हटलं, वाफ.

तो थांबला. आणि मग तसाच लांबलचक आवाज उलटा आला.

वाफ एकाच दिशेनं जाते. ती बाहेर पडते. हा आवाज आत गेला.

"वासू!" असं ओरडून बाबा जाळात हात घालायला धावले. मी आणि जीपवाल्यानं त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. तेवढ्यात वारा फिरला आणि धूर आमच्या अंगावर आला. धुराच्या आत मला एकदाच काहीतरी दिसलं. मिटलेल्या जागी काळी फट होती, आणि ती मोठी होत होती. मग डोळ्यांत धूर गेला. काकी जागची हलली नव्हती. ती धुरातही डोळे उघडे ठेवून बघत उभी होती.

मागे वळून न बघता निघायचं असतं. आम्ही निघालो. बाबा संपूर्ण रस्ताभर रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसले होते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आम्ही तिघंच गेलो. भटजींनी निरोप धाडला होता, मला बरं नाही, राख तेवढी नदीत सोडा. आदल्या दिवशी दुपारभर मी बाबांची समजूत घातली होती. मातीत हवेचा बुडबुडा असेल, तापून फुटला असेल, तुम्हाला भास झाला असेल. मलाही झाला असेल. दोघांना एकदम भास होऊ शकतो. तसं मी कुठंतरी वाचलेलं आहे.

राखेत ते उताणं पडलं होतं. भाजून लाल झालेलं, खापरासारखं. पाण्यात सोडायला म्हणून मी दोन्ही हातांनी उचललं आणि राख फुंकली.

बाबांनी आदल्या सकाळी ओढून वर केलेले गाल राहिले नव्हते. कपाळावर आठ्या होत्या. आणि तोंड उघडं होतं, सताड.

"बुडबुडा," मी म्हणाले.

बाबा जवळ आले. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला, ओठांच्या कडेवरून फिरवला आणि आत घातला. मग चटका बसल्यासारखा मागे घेतला. माती तर केव्हाच गार झालेली होती.

"मी आत काय केलं न्हाई, मनी," ते म्हणाले. "आत भरीव हुतं. तूच मळलीस की माती."

मीच मळली होती. आत नुसता मातीचा गोळा होता. मी ते उन्हाकडे वळवलं आणि आत बघितलं. जीभ होती. हिरड्या होत्या. मागच्या दाढा पडून गेलेल्या, तिथं हिरडी गुळगुळीत झालेली. पुढचे उरलेले दात झिजलेले, लांब दिसणारे. फोटोतल्या हसणाऱ्या मुलाचं ते तोंड नव्हतं. साठीच्या माणसाचं तोंड होतं, त्याच्या गालफडांना शोभेल असं.

काकी वाळूत खाली बसली. तिनं हात पुढे केले, मी ते तिच्या मांडीवर दिलं. तिनं पदरानं राख पुसली, पानं पुसत होती तशीच, सावकाश. मग तिनं दोन बोटं आत घातली आणि दाढांच्या रिकाम्या जागा चाचपल्या, बायको आजारी नवऱ्याच्या तोंडात औषध घालताना घालते इतक्या सहज.

"म्हातारे झाले हुते गं हे," ती म्हणाली.

पलीकडच्या रस्त्यावरून जत्रेच्या गाड्या परतत होत्या. घुंगरांचा आवाज पाण्यावरून येत होता. बाबा पाठ करून उभे होते आणि मोठ्यानं रडत होते. काकी रडत नव्हती. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, रिकाम्या जागेवर टेकला आणि तिथंच राहिला. बोटांची राख कपाळाला लागली.

"कालपतोर मी सवाष्ण हुते, मनी," ती म्हणाली. "मीच पुसलं."